साउथबरो समितीपुढे आंबेडकर
२७ जानेवारी १९१९

सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे, २७ वर्षांचे प्राध्यापक भीमराव आंबेडकर यांनी या दिवशी मुंबईत साउथबरो मताधिकार समितीपुढे साक्ष दिली. मालमत्तेच्या अटीवर मताधिकार ठरवला तर अस्पृश्य मतदारयादीबाहेरच राहतील, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन राज्य सरकारने १९७९ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या इंग्रजी खंडात छापले. लहान गटांना प्रतिनिधित्व कसे मिळावे, हा प्रश्न आजही जिवंत आहे. १९५५ मध्ये त्यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ सुचवले, पण हातची सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याच्या मुभेसह. खरी गोम या मुभेतच! आज मात्र, उदाहरणार्थ, लोणावळा नगरपरिषदेच्या द्विसदस्यीय प्रभागात नगरसेवकांसाठी दोन मते मिळतात. ‘अ’ जागेला एक, ‘ब’ जागेला एक. दोन्ही एकालाच टाकता येत नाहीत. त्यामुळे मोठा गट दोन्ही जागा सहज खिशात घालू शकतो.