शर्यतीच्या घराण्यातली धिप्पाड गाडी

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. गिऱ्हाइकाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण हौसेची वस्तू बनवणाऱ्या कारखान्याला दर महिन्याला पगार वाटावे लागतात, देणी चुकवावी लागतात. आणि हात आखडायची वेळ आली, की माणूस सगळ्यांत आधी हौसच बाजूला ठेवतो. जर्मनीच्या पोर्शे कंपनीला हा धडा १९९०च्या सुमारास मिळाला. त्यातून पुढे एक गाडी जन्माला आली. तिच्यामुळे कंपनीचे जुने भक्त खवळले, पण कंपनीचे पाय मात्र घट्ट रोवले गेले. त्या गाडीचं नाव कायेन. एका तिखट मिरचीचंही हेच नाव आहे!

पोर्शे म्हटलं की डोळ्यांसमोर यायची ती ९११. बुटकी, दोन दारांची, इंजिन मागच्या बाजूला. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली आणि 'स्पोर्ट्‌स कार' या शब्दाचा जणू अर्थच बनली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीचा सुवर्णकाळ होता. वर्षाला ५० हजारांहून अधिक गाड्या विकल्या जात होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत जात होत्या. एकाच बाजारावर इतकी भिस्त ठेवण्यात धोका होता. डॉलर घसरला, त्यामुळे अमेरिकेत जर्मन गाड्या महाग झाल्या. १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला. नव्यानं श्रीमंत झालेले गिऱ्हाईक दिसेनासे झाले. १९८६ मध्ये अमेरिकेत सुमारे ३० हजार पोर्शे खपल्या होत्या; १९९३ मध्ये हा आकडा ४ हजारांच्याही खाली आला. कंपनी आता कोण विकत घेणार, याची उघड चर्चा सुरू झाली.

अशा वेळी, १९९२ मध्ये, वेंडेलिन वीडेकिंग या अभियंत्याच्या हाती सूत्रं आली. त्यांनी टोयोटाच्या पद्धतीत मुरलेल्या जपानी तज्ज्ञांना बोलावलं. कारखान्यात सुट्या भागांनी भरलेल्या उंच मांडण्या होत्या. त्यात पैसा नुसता अडकून पडलेला. वीडेकिंग यांनी स्वतः करवत हाती घेऊन त्या मांडण्या वरून कापल्या, ही हकिकत पुढे उद्योगजगतात प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये बॉक्स्टर ही तुलनेनं स्वस्त गाडी आली. तिचे अनेक भाग नव्या ९११लाही चालत. घर सावरलं. पण दोन्ही गाड्या शेवटी हौसेच्याच. पुन्हा मंदी आली तर काय?

म्हणून तिसरी गाडी हवी होती. कोणती, यावर खल झाला. कुटुंबासाठीची मोठी व्हॅन करावी, असाही विचार होता. पण अमेरिकेतल्या शाखेनं एसयूव्हीचा आग्रह धरला. कारण साधं होतं. दारात ९११ असलेल्या घरात रोजच्या वापरासाठी दुसऱ्याच कंपनीची एसयूव्ही उभी असायची. गिऱ्हाईक आपलंच, पण त्याचे निम्मे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात! संस्थापकांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांनीही १९८९ मध्ये म्हटलं होतं, की आमच्या दर्जाची आणि आमचं चिन्ह असलेली आडवाटेची गाडी बनवली, तर लोक ती घेतील. ती पाहायला मात्र ते उरले नाहीत. मार्च १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीनं या गाडीची घोषणा केली.

एकट्यानं इतकी नवी गाडी उभी करणं पोर्शेच्या आवाक्याबाहेरचं होतं. मर्सिडीजबरोबरची बोलणी फिसकटली. मग फोक्सवॅगनशी हातमिळवणी झाली. या कामाला आतल्या गोटात 'कोलोरॅडो' असं नाव होतं. पायाचा सांगाडा एकच. त्यावर फोक्सवॅगनची टुअरेग आणि पोर्शेची कायेन. दोन्हींची रचना करण्यात पोर्शेचे अभियंते पुढे होते. कायेनचं व्ही-८ इंजिन मात्र पोर्शेचं स्वतःचं, श्टुटगार्टमधल्या जुन्या कारखान्यात बनणारं.

खरी लढाई वजनाशी होती. शर्यतीची गाडी हलकी आणि जमिनीलगत असते. ही तर उंच, आणि टर्बो रूपात सव्वादोन टनांहून जड. अशी गाडी वेगात वळली की बाहेरच्या बाजूला झुकणार. त्यावर उपाय म्हणून हवेच्या दाबावर उंची कमीजास्त करणारी यंत्रणा बसवली. गाडी खडकाळ वाटेवर वर उचलली जाई आणि महामार्गावर वेग घेतला की खाली बसे. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळे, पण नेहमीच्या चालीत ६२ टक्के मागच्या चाकांना. त्यामुळे चालवताना पोर्शेची सवय जाणवावी. ४५० अश्वशक्तीची कायेन टर्बो ताशी २६६ किलोमीटरपर्यंत पळत होती.

जोडणीसाठी पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला नवा कारखाना उभा राहिला. रंगवलेले सांगाडे स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाहून रेल्वेनं तिथं येत. सप्टेंबर २००२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कायेन अवतरली आणि टीकेची झोड उठली. ९११चा चेहरा हत्तीच्या अंगावर चिकटवलाय, घराण्याचं नाव बुडवलं, असा एकूण सूर होता. चेहऱ्याबद्दलची टीका अगदीच अनाठायी नव्हती. पण गिऱ्हाइकांनी वेगळाच कौल दिला. वर्षाला २५ हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. २०१० पर्यंत पहिल्या पिढीच्याच पावणेतीन लाखांहून अधिक कायेन विकल्या गेल्या. ९११ टिकली, बदलत राहिली, त्यामागे याही गाडीची कमाई होती.

गोष्ट इथं संपली असती तर गोड झाली असती. पण हाती पैसा आला आणि पोर्शेनं आपल्याहून कितीतरी मोठी फोक्सवॅगनच गिळायचा डाव मांडला. २००८च्या जागतिक मंदीत कर्जाचा डोंगर अंगावर आला. जुलै २००९ मध्ये वीडेकिंग पायउतार झाले आणि २०१२ मध्ये पोर्शेचा मोटार व्यवसाय पूर्णपणे फोक्सवॅगनच्या ताब्यात गेला. ज्या स्वातंत्र्यासाठी कायेनचा खटाटोप केला, ते कायेननं नव्हे, शेअर बाजारातल्या साहसानं घालवलं. प्रतिष्ठेला धक्काही घरातूनच बसला. डिझेल गाड्यांच्या धुराच्या प्रकरणात २०१७ मध्ये जर्मन सरकारनं कायेनच्या एका डिझेल प्रकाराच्या नव्या नोंदणीवर बंदी घातली.

लॅम्बोर्गिनीनं हा प्रयोग पोर्शेच्याही आधी केला होता. १९८६ मध्ये आलेल्या त्यांच्या एलएम००२ या दांडग्या गाडीच्या जेमतेम ३०० प्रती निघाल्या. कायेननं वाट रुळवल्यावर मात्र २०१७ मध्ये त्यांची उरुस आली आणि २०२२ मध्ये फेरारीनंही आपली चार दारांची उंच पुरोसांग्वे आणली. घराण्याचं नाव बुडणार म्हणून २००२ मध्ये जे ओरडत होते, त्यांच्या आवडीची ९११ मात्र आजही श्टुटगार्टच्या त्याच जुन्या कारखान्यात बनते आहे.