समुद्रबंदी कोणासाठी होती आणि खोल समुद्राचे शास्त्र कोणाचे?

नाशिकचा आणि समुद्राचा काय संबंध, असे कोणी विचारले की आम्ही त्याला त्रिरश्मी लेणीवर घेऊन जातो. सातपूरच्या कंपन्यांत आठवडाभर मशीनवर उभे राहणाऱ्या आमच्या कित्येक बांधवांनी ही बुद्धलेणी डोळे भरून पाहिली आहेत, पण तिथल्या भिंतीवर काय कोरले आहे ते फार थोड्यांनी वाचले आहे. लेणी क्रमांक १० मध्ये नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच आणि शूर्पारक म्हणजे सोपारा, ही त्या काळची मोठी बंदरे त्यात येतात. दमण, तापी, डहाणूची नदी अशा नद्यांवर लोकांना फुकट पैलतीरी नेणाऱ्या नावा ठेवल्याची नोंद आहे. उषवदात ब्राह्मणांनाही भरभरून दान देत होता, हेही तिथेच लिहिलेले आहे. ते लपवायचे कारण नाही. मुद्दा एवढाच की घाटावरच्या या डोंगराचे पोट बंदरांच्या व्यापारावर भरत होते.

आता लेणी क्रमांक ३ मध्ये या. इथे गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान करते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती सांगते. आणि त्याच लेखात, त्याच अभिमानाने, त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली असेही सांगते. दान मात्र बौद्ध भिक्खूंना! समुद्राचा गर्व आणि वर्णाचा पहारा एकाच दगडावर. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांचा झगडा आमच्या गावाजवळ असा कोरून ठेवलेला आहे.

पहारा कसा होता? बौधायन धर्मसूत्र पतित करणाऱ्या कर्मांची यादी देते आणि तिच्यात समुद्रप्रवास अगदी आरंभी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात समुद्रावर जाणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीतून उठवले आहे. गंमत अशी की आठव्या अध्यायात हाच मनू सांगतो, समुद्रप्रवासाच्या जाणकारांनी ठरवलेला व्याजाचा दर ग्राह्य धरावा. म्हणजे समुद्राचा पैसा चालतो, समुद्रावर जाऊन आलेला माणूस पंगतीला चालत नाही! याउलट बौद्ध जातककथांत भरुकच्छचा सुप्पारक हा आंधळा नावाडी खुद्द बोधिसत्त्व आहे. इतरांनी समोरच्या पाण्याचे वर्णन करायचे आणि त्यावरून हा कोणता समुद्र ते त्याने ओळखायचे. नावाड्याच्या ज्ञानाला एवढा मान देणारी कथा ज्या परंपरेने जपली, ती परंपराच या देशातून हुसकावली गेली.

शास्त्राने बंदी घातली म्हणून समुद्र ओस पडला, असे काही मित्र सांगतात. आम्हाला ते पटत नाही. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी रोज समुद्रावर जातच होते. शिवरायांच्या आरमारात मायनाक भंडारी आणि दौलतखान होते. (त्याच किनाऱ्यावर १७५६ साली पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरून तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले, तो हिशेब वेगळा.) बंदीने समुद्रावर जाणारा थांबला नाही. ज्याच्या हाती लेखणी होती तो गेला नाही आणि जो गेला त्याच्या हाती लेखणी येऊ दिली नाही. उधाण कधी, भांग कधी, कोणत्या तिथीला प्रवाह किती ओढतो आणि डोल कुठे मारायची, हे कोळ्याला तोंडपाठ. पण ते पोथीत कधीच उतरले नाही. जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. समुद्राच्या बाबतीत त्या विभागणीने नेमके काय केले, हे पाहायचे तर युरोपकडे वळावे लागेल.

तिथेही सुरुवात काही ज्ञानाच्या प्रेमातून झाली नाही. साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टीच नाही, असे एडवर्ड फोर्ब्ज हा निसर्गशास्त्रज्ञ १८४० च्या दशकात सांगत होता आणि अनेकांना ते पटत होते. समुद्रतळ मोजायची खरी निकड आली ती तारेच्या धंद्यातून. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार समुद्रातून टाकली. १८५७ नंतर लंडनला हिंदुस्थानची खबर तातडीने हवी होती. तार टाकायची तर तळ कसा आहे ते कळायला हवे. त्याच वाऱ्यात डिसेंबर १८७२ मध्ये ‘चॅलेंजर’ पोर्ट्समथहून निघाले आणि मे १८७६ मध्ये परतले. ३६२ ठिकाणी त्यांनी दोरी सोडली, तापमान घेतले, गाळ उपसला. १८७५ साली मारियाना गर्तेजवळ दोरी ४,४७५ फॅदम, म्हणजे आठ हजार मीटरहून खाली गेली. फॅदम म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर. आमच्या कोळ्यांचे ‘वाव’ हे माप तेच! माप एकच, माणसाच्या अंगावरून घेतलेले. तिकडे त्या मापाचे आकडे वहीत चढले आणि पन्नास खंडांचा अहवाल छापला गेला. त्यातूनच समुद्रविज्ञान उभे राहिले.

चॅलेंजरवरही साहेब आणि खलाशी हा भेद होताच. पण त्या जहाजावर कोठारात मदतनीस असलेला जोसेफ मॅट्किन घरी पत्रे लिहीत होता. ती १९९२ साली पुस्तकरूपाने आली आणि जहाजाच्या तळमजल्यावरून ती सफर कशी दिसत होती, हे जगाला कळले. आता आपल्याकडचे बघा. १८८१ साली मुंबईच्या गोदीत ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे सर्वेक्षण जहाज बांधले गेले. अल्कॉक नावाचा डॉक्टर १८८८ ते १८९२ त्यावर निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याने बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राच्या खोलीतून कितीतरी नवे जीव वर काढले, नमुने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले, १९०२ साली त्याचे पुस्तक आले. जाळे ओढणारे हात मात्र देशी खलाशांचे होते. गोऱ्या खलाशाच्या मानाने त्यांचा पगार कितीतरी कमी असे. त्यांच्यातला मॅट्किन कुठे आहे? तो हुशार नव्हता म्हणून नाही. त्याला अक्षर मिळाले नव्हते म्हणून नाही. १९१३ साली बाबासाहेब जहाजाने न्यूयॉर्कला गेले तेव्हा समुद्र ओलांडल्याने जात जाण्याची त्यांना काय भीती? ज्यांना जातीनेच बाहेर ठेवले, त्यांना समुद्र आणखी कुठे बाहेर काढणार होता! पण त्यांच्या हातात लेखणी होती, आणि त्या एका प्रवासाने काय झाले हे आपण जाणतोच.

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट झपाट्याने घडली. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे आली. त्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली आणि पुढे गोव्यात दोना पावलाला स्थिरावली. एन. के. पणिक्कर पहिले संचालक. २६ जानेवारी १९८१ रोजी संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने अरबी समुद्राच्या तळातून धातूंचे खडे वर काढले. बटाट्यासारखे दिसणारे हे काळे खडे चॅलेंजरलाही सापडले होते. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असते. आज मध्य हिंदी महासागरात भारताकडे अशा ७५,००० चौरस किलोमीटर तळाचे शोधहक्क आहेत. २०२१ साली केंद्राने खोल महासागर मोहिमेला ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. तिच्यातले ‘मत्स्य ६०००’ हे वाहन तिघांना सहा हजार मीटर खाली नेणार आहे. टायटॅनियमचा गोळा, बारा तासांचे काम, अडचण आलीच तर ९६ तास जीव तगेल एवढी सोय.

हे वाचताना आमच्या डोळ्यासमोर गटार येते. तिथे उतरणारा माणूस काही मीटरच खाली जातो. मैला साफ करायला माणूस लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी तो उतरतो, त्याच्याजवळ श्वासाची कसलीच सोय नसते आणि विषारी वायूने तो मरतो. सहा हजार मीटरवर हवा पुरवण्याचे तंत्र या देशाला येते. सहा मीटरवर येत नाही, असे कोणी म्हणू नये.

आणि त्या गोळ्यात बसणार कोण, त्याचा आराखडा काढणार कोण? केंद्र सरकारच्या नियमांत एक पळवाट आहे, ती तरुणांनी नीट समजून घ्यावी. गट ‘अ’ च्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वरची, संशोधन करणारी किंवा संशोधनाला दिशा देणारी वैज्ञानिक-तांत्रिक पदे आरक्षणातून वगळता येतात. म्हणजे जहाजावर दोर ओढायला आरक्षण, दोर कुठे सोडायचा हे ठरवायला नाही. दोना पावलाच्या संस्थेत आणि चेन्नईत ‘मत्स्य’ बांधणाऱ्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत किती पदे अशी वगळली आहेत, अनुसूचित जाती-जमातींचे किती शास्त्रज्ञ वरच्या श्रेणीत आहेत आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजातले किती, ही माहिती आम्ही माहितीच्या अधिकारात मागणार आहोत. सातपूर-अंबडच्या आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या मुलांनी अर्जाच्या मसुद्यासाठी रविवारी बुद्धविहारात यावे.