व्हॅरिकोसील (वृषणनीलांची अपस्फीती)

वृषणापासून निघून वृषणरज्जूतून वर जाणाऱ्या नीलांचे जाल फुगून वेडेवाकडे होणे, या विकारास व्हॅरिकोसील म्हणतात. सर्वसाधारण प्रौढ पुरुषांत तो सुमारे 15 टक्के, तर अपत्यहीनतेसाठी उपचार घेणाऱ्या पुरुषांत 35 ते 40 टक्के आढळतो. म्हणजे तो असलेल्या बहुसंख्यांना मुले होतात, परंतु ज्यांना होत नाहीत त्यांच्या बाबतीत सापडण्याजोग्या व दुरुस्त होण्याजोग्या कारणांत त्याचा क्रम पहिला लागतो.

विकार बहुधा डाव्या बाजूस असतो. उजवी वृषणनीला अधोमहानीलेस तिरकस मिळते; डावी अधिक लांब असून डाव्या वृक्कनीलेस काटकोनात मिळते, आणि तिच्यातील झडपा दुर्बळ असल्या की रक्त उलट उतरून साचते. शुक्राणुनिर्मितीस शरीराच्या तपमानापेक्षा 2 ते 4 अंश सेल्सिअस कमी तपमान लागते. साचलेल्या उष्ण रक्ताने ते वाढते व शुक्राणूंची संख्या, गती आणि घडण तिन्ही बिघडतात. वेदना बहुधा नसतात. दिवसभर उभ्याने श्रम केल्यावर सायंकाळी ओढ लागल्यासारखे जडपण येते, एवढेच. रोग्यास उभे करून, श्वास रोधून कुंथावयास सांगून हाताने चाचपले असता गांडुळांच्या गुंत्यासारखा स्पर्श लागतो. केवळ उजव्याच बाजूचा, किंवा आडवे झाल्यावरही न ओसरणारा फुगवटा असेल, तर पोटातील गाठीची शंका धरून सोनोग्राफी करणे अगत्याचे.

एडिंबरो येथील शल्यचिकित्सक टलॉक यांनी, रेतात शुक्राणू मुळीच नसलेला एक पुरुष व्हॅरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर पिता झाल्याचे 1952 मध्ये प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून या विकाराकडे वंध्यत्वाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. फुगवटा हातास लागत असेल, वीर्यतपासणी सदोष असेल आणि पत्नीचीही तपासणी झालेली असेल, तरच शस्त्रक्रिया योग्य. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या नीलांसाठी ती करू नये. औषधाने, लेपाने वा झाडपाल्याने फुगलेल्या नीला पूर्ववत होत नाहीत. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने सुधारणा तीन महिन्यांनंतरच अजमावावी.

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी आदी समाजांच्या डोंगराळ तालुक्यांत या विषयास निराळे वजन येते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे 1992-93 साली झालेल्या बालमृत्यूंपासून सरकारी आरोग्यव्यवस्थेचे लक्ष माता व बालक यांच्यावर खिळले, आणि ते खिळणे न्याय्यच होते. पण मूल न होण्याचा ठपका स्त्रीवर ठेवून नवऱ्यास तपासणीबाहेर ठेवण्याची आपल्याकडील सर्वत्रची रीत येथेही स्त्रीच्याच वाट्यास दुःख देते. भात-नागलीची कापणी उरकून, उचल घेऊन वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर जाणारा मजूर पावसाळ्याच्या तोंडी परततो. भट्टीची दीर्घकाळची धग ही शुक्राणूंना स्वतंत्रपणेही घातक मानली जाते, तेव्हा चौकशीत व्यवसाय विचारलाच पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलू नये, ही वैद्यकाची साधी अट, उचल अंगावर असलेल्या माणसास मात्र सर्वांत कठीण जाते, आणि म्हणून शस्त्रक्रियेची वेळ ठरविताना डॉक्टरांनी मजुरीचे वेळापत्रक विचारात घेणे हा उपचाराचाच भाग होय.

वीर्याचा नमुना 2 ते 7 दिवसांच्या ब्रह्मचर्यानंतर द्यावयाचा असून तासाभराच्या आत तपासणीस लागावा लागतो. पाड्यावरून डब्यात घालून आणलेला नमुना निरुपयोगी, तो रुग्णालयातच द्यावा. एका सदोष अहवालावर निष्कर्ष काढू नये, नमुना पुन्हा तपासावा. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय आणि जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय ही पहिल्या तपासणीची ठिकाणे. पुढील शस्त्रक्रियेसाठी नाशिक वा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्यावी. लग्नानंतर वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर नवरा-बायको दोघांनी एकाच दिवशी दवाखान्यात जावे, आणि नवऱ्याची तपासणी आधी व्हावी, कारण ती अधिक सोपी व स्वस्त आहे.