‘त्यांना खाली झोपायची सवय असते’

नाशिककरांनो, सिंहस्थाची चर्चा रोज वाचताय. रस्ते, पूल, घाट, साधुग्राम, पार्किंग. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, हे आता पोरासोरांनाही पाठ झालंय. या सगळ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र मला कुठे दिसत नाही. लाखो माणसं येणार, ती रात्री झोपणार कशावर आणि पांघरणार काय?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण इतकी वर्षं बातमीदारी करताना अंथरुणाचा विषय जिथे जिथे काढला, तिथे एकच उत्तर ऐकलं. ‘त्यांना खाली झोपायची सवय असते हो.’ आश्रमशाळेतल्या मुलांबद्दल हेच, द्राक्षबागेवर आलेल्या मजुरांबद्दल हेच, मेळ्याला येणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्यांबद्दलही हेच. म्हणून म्हटलं, आज या ‘सवयी’चा इतिहासच बघू. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन वाचा.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिकडे येवला, नांदगावला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक असेल तर अंथरूण एकसारखं कसं असेल? पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात मेंढरं, म्हणून तिथे घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर तशी जाडीभरडी, टोचणारी. तिचं सूत काढायचं, चिंचोक्याची खळ लावायची, खड्ड्यातल्या मागावर पट्ट्या विणायच्या आणि त्या जोडायच्या. अशी घोंगडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. मेंढपाळ तिची खोळ करून पावसात डोक्यावर घेतो आणि रात्री तीच अंगाखाली टाकतो. एका वस्तूत रेनकोट, गादी, पांघरूण आणि बिरोबा-खंडोबाच्या पूजेला आसनसुद्धा.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक हा घाटाकडचा पट्टा. तिथे पावसाळ्यात कापसाचं काहीही टाका, चार दिवस वाळत नाही. म्हणून चुलीजवळ, चटईवर, शेकोटीच्या आधारानं झोपायची रीत. आणि मधल्या गोदाकाठच्या काळ्या जमिनीत गोधडीचं राज्य.

गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर धावदोऱ्यानं एकत्र बांधणं. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी, राजस्थान-सिंधकडे रल्ली. नावं वेगळी, हिशेब एकच. कापड महाग, बाईचा वेळ ‘फुकट’. म्हणून फाटकं कापड फेकायचं नाही, त्यावर बाईनं दुपारच्या दुपारी घालवायच्या. आज त्याच गोधड्या मॉलमध्ये ‘हेरिटेज’ म्हणून लटकतात. बनवणारीचा वेळ अजूनही बऱ्याच ठिकाणी फुकटच धरला जातो, तो भाग वेगळा.

आता जरा जुन्या नाशकात या. भद्रकालीच्या परिसरातला पिंजारघाट माहितीये ना? रोज गाडी काढून तिथून जातो आपण, पण नावाकडे लक्ष जात नाही. पिंजारी म्हणजे कापूस पिंजणारे. कुठे त्यांना नदाफ म्हणतात, कुठे मन्सूरी. धनुष्यासारखं मोठं पिंजण, त्याला आतड्यापासून वळलेली दोरी, लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर ठोके. त्या कंपनानं दबलेला कापूस उमलतो, कचरा खाली पडतो. चाळिशी ओलांडलेल्यांच्या कानात तो ‘टँव टँव’ आवाज अजून असेल. दिवाळीनंतर पिंजारी दारात यायचा, अंगणात गादी उसवायचा आणि संध्याकाळपर्यंत तीच गादी दुप्पट फुगवून परत द्यायचा. उशीत काटेसावरीचा मऊ कापूस भरून मागायचा थाट काही घरांत असे.

एक गोष्ट मला फार आवडते. दहाव्या शतकात बगदादेत ज्या सूफीला त्याच्या विचारांसाठी देहदंड झाला, त्या मन्सूर अल-हल्लाजच्या नावातल्या ‘हल्लाज’चा अर्थच पिंजारी. मन्सूरी समाज आपलं नाव त्याच्याशी जोडतो. आपल्याकडे संत दादू दयाळांनाही परंपरा पिंजारीच मानते. दुसऱ्याची गादी मऊ करणाऱ्या जमातीनं संत आणि सूफी दिले. तिच्या स्वतःच्या अंगाखाली गादी किती जणांच्या असेल, तुम्हीच सांगा.

कारण कोण कशावर झोपणार, हे आवडीनं फार कमी वेळा ठरलंय. भाषाच बघा. मराठीत राजाचं पद म्हणजे ‘गादी’. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. मठाची गादी, सावकाराच्या पेढीवरची गादी, तिच्यावर लोड आणि तक्क्ये. जो गादीवर तो मालक आणि जो सतरंजीच्या कडेला तो कूळ. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण पोरांना काटकसर शिकवायला वापरतो. अंथरूण आखूड का, हे विचारायला मात्र कोणी शिकवत नाही.

घरातसुद्धा उतरंड होतीच. लोकरीची धाबळी सोवळ्यात चालायची, पण कापसाचं अंथरूण ओवळं. त्याला शिवलेले कपडे देवघरात चालत नसत. ‘बाजूला बसलेल्या’ बाईला कोपऱ्यात वेगळं घोंगडं किंवा गोणपाट. तीच बाई बाळंत झाली की मात्र तिला बाज मिळे, खाली शेगडी ठेवून शेक मिळे. आणि माणूस शेवटच्या घटकेला आला की त्याला पलंगावरून खाली जमिनीवर घ्यायचं. जन्मापासून मरणापर्यंत वर कधी आणि खाली कधी, हे रिवाजानं ठरवलेलं. झोपणाऱ्याला विचारून नाही.

आणि घराबाहेर? तिथे जात आडवी यायची. यात्रेच्या गावी टेकायला जागा मिळणं हाच प्रश्न होता. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याचमुळे. पुढे १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशकातही गोदेकाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून फिरणारा हा माणूस स्वतःसाठी एक खोली बांधत नाही आणि दुसऱ्यांनी नीट झोपावं म्हणून गावोगाव इमारती उभ्या करतो. ‘गरिबाला काय, तो कुठेही झोपेल’ असं म्हणायचा सर्वात मोठा अधिकार खरं तर त्यांना होता, कारण ते स्वतः कुठेही झोपत. त्यांनी ते वाक्य कधी वापरलं नाही. स्वतः निवडलेली गोधडी आणि दुसऱ्यावर लादलेली गोधडी यातला फरक त्यांना कळत होता.

आता कोणी म्हणेल, अहो पण आवडनिवड असतेच की! असतेच. माझ्या घरात चार माणसं आणि पाच मतं. आईला गोधडीशिवाय झोप येत नाही, फोमच्या गादीवर ‘बुडाल्यासारखं’ होतं म्हणते. बायकोला जाड ब्लँकेट हवं, मला सोलापुरी चादर. मुलाला पंखा पाचवर हवा आणि वर रजईही हवी. एका पांघरुणात दोघं हे आपल्याकडे प्रेमाचं लक्षण, तर जर्मनीत आणि उत्तर युरोपात नवरा-बायकोच्या एका पलंगावर दोन वेगळी पांघरुणं ही रोजची गोष्ट. जपानी माणूस आपल्यासारखाच खाली अंथरतो आणि सकाळी घडी घालून कपाटात ठेवतो. आपल्या वळकटीचाच तो भाऊबंद. तेव्हा खाली झोपणं म्हणजे मागासलेपण, असं मी अजिबात म्हणत नाही.

‘कडक अंथरूण पाठीला चांगलं’ ही आपली आवडती समजूत. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना वेगवेगळ्या गाद्या दिल्या, तेव्हा अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर दुखणं जास्त कमी झालं. सरकारलाही हे उमगतं कधी कधी. काही वर्षांपूर्वी राज्याच्या कारागृह विभागानं पन्नाशी ओलांडलेल्या कैद्यांना गादी-उशी वापरायची मुभा दिली. म्हणजे वयाबरोबर पाठ बदलते, हे तुरुंगाच्या नियमातही मान्य झालंय.

मग सवय आणि सक्ती यातला फरक ओळखायचा कसा? माझा साधा निकष आहे. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे आणि तरी तो खाली झोपतो, त्याची ती आवड. माझी आई या वर्गात. ज्याच्याकडे पर्यायच नाही, त्याला ‘सवय आहे’ म्हणणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्याच अंगावर पांघरणं.

याची किंमत काय असते ते सांगतो. मण्यार हा आपल्या भागातला अतिविषारी साप. तो रात्री फिरतो, भिंतीच्या कडेनं येतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा इतका बारीक की अनेकदा जागच येत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरच्यांना वाटतं काहीतरी खाल्ल्यामुळे झालं. तोवर श्वास बंद पडायला लागतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. यातले सगळेच मण्यारीचे बळी नाहीत, पण रात्री जमिनीवर झोपणं हा मण्यारीच्या दंशातला मोठा धोका आहे हे डॉक्टर वर्षानुवर्षं सांगताहेत. त्यावरचा उपाय महागडा नाही. जमिनीपासून उंच खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी.

आता आश्रमशाळा आठवा. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. राज्यात शासकीय आश्रमशाळाच पाचशेच्या घरात. त्यातल्या कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं दिवसा ज्या खोलीत वर्ग, रात्री त्याच खोलीत फरशीवर मुलं, हे चित्र आपण बातम्यांतून दाखवत आलोय. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे समितीनं आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. पंधरा वर्षांतला आकडा हजाराच्या पुढे होता आणि कारणांमध्ये तापासोबत सर्पदंशही होता. याच विषयावर एका कार्यालयात मी खाटांचं विचारलं, तेव्हा समोरून तेच वाक्य आलं, ‘घरी तरी कुठे खाटेवर झोपतात?’ घरी चूल असते साहेब, शेजारी आई असते आणि रात्री मूल कण्हलं तर ती जागी होते. शंभर मुलांच्या खोलीत कोण जागं होणार?

तीच कथा बागेवरच्या मजुरांची. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. अशा रात्री द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. योग्यच आहे, वर्षाचं पीक आहे. पण त्याच बागेच्या बांधावर प्लॅस्टिकच्या पालात सुरगाण्या-पेठेचं कुटुंब दोन गोधड्यांत पाच जण झोपलेलं असतं. घडांना थंडी बाधते हे आपल्याला कळतं. माणसांना मात्र ‘सवय’ असते.

आता पुन्हा सिंहस्थाकडे. प्रयागचा कुंभ थंडीत, उज्जैनचा उन्हाळ्यात. आपला भर पावसाळ्यात. इथे थंडीपेक्षा ओल हा शत्रू आहे. तंबूत जमिनीवर गादी टाकली की तासाभरात ती पाणी पिते आणि ओल्या गादीसारखं वाईट अंथरूण नाही. म्हणून माझ्या मागण्या मोजून चार. एक, तंबूत आणि निवाऱ्यात जमिनीपासून वर फळी किंवा खाट, निदान वृद्ध, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी. दोन, पटकन वाळणारी हलकी पांघरुणं आणि ती धुण्याचं वेळापत्रक निविदेतच लिहिलेलं असावं. तीन, मेळा संपला की या खाटा गोदामात गंजू न देता थेट आश्रमशाळांना जाव्यात, मच्छरदाणीसह. चार, वसतिगृहांच्या थंडीसाठी गोधड्यांचं काम जिल्ह्यातल्या बचत गटांच्या बायकांना द्यावं आणि शिलाईच्या तासांचे पैसे मोजून द्यावेत.

यातलं काहीही अशक्य नाही. पाहणीला येणाऱ्या साहेबांच्या विश्रामगृहात पांढरीशुभ्र चादर वेळेवर पोचतेच ना, मग व्यवस्था जमते आपल्याला.

तुमच्या भागातल्या आश्रमशाळेत, वसतिगृहात, रात्रनिवाऱ्यात माणसं कशावर झोपतात? बघून या आणि खाली लिहा. फोटो टाकणार असाल तर मुलांचे चेहरे नकोत, नुसती फरशी दिसली तरी पुरे. मी यादी करतोय. ध्वजारोहणाच्या आधी ती संबंधितांच्या टेबलावर ठेवायची आहे.