काडतुसातील बदल आणि रायफलीचा आघातबिंदू : .३०३ च्या इतिहासातील एक प्रश्न

रायफलींचा इतिहास सामान्यतः नळी, खटका आणि दस्ता ह्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणता नमुना कोणत्या साली स्वीकारला गेला व त्यात किती काडतुसे मावत, एवढे सांगितले की वर्णन पुरे झाले असे मानतात. परंतु रायफलीच्या मागील दर्शकावर कोरलेले अंतराचे आकडे केवळ रायफलीचे नसतात. ते रायफल आणि एक विशिष्ट काडतूस ह्यांच्या जोडीचे असतात. काडतूस बदलले की तेच आकडे खोटे ठरू लागतात. ब्रिटिश व भारतीय सेनांच्या .३०३ रायफलीच्या आधारे हे विधान तपासून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, दारू आणि गोळी. गोळीचे वजन व आकार बदलल्यास तिचा वेग आणि हवेचा होणारा अडथळा बदलतो. दारूचा प्रकार किंवा वजन बदलल्यास नळीतील दाब बदलतो. पुंगळीची आतील जागा, गोळी किती खोल बसवली आहे आणि टोपीचा जोर ह्या गोष्टी वरवर क्षुल्लक दिसतात; पण त्यांचाही परिणाम शेवटी दाबावर आणि गोळी नळीत किती काळ राहते ह्यावर होतो. जो कोणी स्वतःच्या हाताने काडतुसे भरतो, त्याला ह्याचा प्रत्यय लक्ष्यपत्रावर तत्काळ येतो. सैन्याच्या बाबतीत हाच प्रयोग लाखो काडतुसांच्या प्रमाणावर घडतो.

.३०३ काडतूस १८८८ साली ली-मेटफर्ड रायफलीबरोबर आले, तेव्हा त्यात दाबून घट्ट केलेली काळी दारू होती आणि गोळीचा वेग सेकंदाला सुमारे १,८५० फूट होता. १८९१ साली काळ्या दारूची जागा कॉर्डाइटने घेतली व वेग सुमारे १,९७० फुटांवर गेला. कॉर्डाइटच्या उष्णतेपुढे मेटफर्डचे उथळ आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ साली अधिक खोल असे पाच एन्फील्ड आटे असलेली नळी स्वीकारण्यात आली. दारूतील बदलाने नळी बदलावयास लावली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. गोळी मात्र मार्क ६ पर्यंत बोथट टोकाची व २१५ ग्रेन, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम, वजनाचीच राहिली. १९१० साली मार्क ७ काडतूस आले. त्याची टोकदार गोळी १७४ ग्रेनची होती, आणि वेग मार्क ६ च्या २,०६० फुटांवरून २,४४० फुटांवर गेला.

ह्या फरकाचे परिमाण साध्या गणिताने कळते. हवेचा अडथळा व नळीची हालचाल क्षणभर बाजूला ठेवली, तर १०० यार्डांच्या प्रवासात जुनी गोळी सुमारे ४.१ इंच खाली येते, नवी २.९ इंच. ३०० यार्डांवर हे अंतर साडेदहा इंचांच्या आसपास जाते; हवेचा अडथळा धरल्यास ते आणखी वाढते. जुन्या काडतुसासाठी आखलेल्या दर्शकातून नवी गोळी सोडली, तर अचूक नेम धरूनही ती अपेक्षित स्थानाच्या वर जाणार. म्हणूनच १९१० नंतर दर्शकांची आखणी नव्याने करावी लागली. अमेरिकेतही १९०३ चे २२० ग्रेन गोळीचे काडतूस जाऊन १९०६ साली १५० ग्रेनचे आले, तेव्हा स्प्रिंगफील्ड रायफलींचे दर्शक असेच बदलावे लागले.

तथापि केवळ वेगावरून आघातबिंदू सांगता येत नाही. बार होताच नळी कंप पावते, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड कोणत्या दिशेला आहे ह्यावर बरेच अवलंबून असते. जर्मनीत क्रान्झ व कोख ह्यांनी १८९९ च्या सुमारास आणि इंग्लंडात मॅलॉक ह्यांनी १९०१ साली ह्या कंपनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ली-एन्फील्डमध्ये मंद गोळी किंचित उशिरा, नळीचे तोंड अधिक वर उचललेले असताना सुटे. परिणामी एकाच प्रकारच्या काडतुसांतील मंद गोळ्या जवळच्या लक्ष्यावर वर लागत, तर हजार यार्डांच्या आसपास मंद व वेगवान गोळ्या जवळपास एकत्र येत. त्यामुळे जवळच्या पल्ल्यावर विशेष नाव नसलेली ही रायफल दूरच्या पल्ल्यावर वाखाणली गेली.

ह्या प्रश्नाचे मोल १९१४ साली प्रत्यक्षात आले. भारतातील पलटणींजवळ तेव्हा मार्क ६ काडतुसाच्या जुन्या रायफली होत्या. फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याचा पुरवठा मार्क ७ चा होता. लाहोर डिव्हिजन सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय येथे उतरली, तेव्हा तिच्या पायदळाला नव्या नमुन्याच्या रायफली देण्यात आल्या. वर्षानुवर्षे एका दर्शकाची सवय झालेल्या शिपायाला दुसऱ्याची ओळख करून घेण्यास जेमतेम महिना मिळाला. २८ ऑक्टोबर रोजी ४७ व्या शीख पलटणीने खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन कंपन्यांसह न्यव्ह शापेलवर हल्ला केला व अतोनात हानी सोसली. त्या हानीचे खापर रायफलीवर फोडणे युक्त होणार नाही. परंतु ह्या शिपायांच्या नेमबाजीविषयी मत देणाऱ्या अभ्यासकाने त्यांच्या हातचे शस्त्र किती नवे होते ह्याची नोंद घेतली पाहिजे.

तात्पर्य, शस्त्राच्या नोंदीत रायफलीच्या मार्काबरोबर काडतुसाचा मार्कही असावयास हवा. नव्या वेगवान काडतुसासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या नळ्यांवर ‘एच. व्ही.’ ही अक्षरे उमटवीत. संग्रहालयात अशी रायफल पाहताना दस्त्यावरील पलटणीच्या खुणेइतकीच ही दोन अक्षरेही वाचावीत. ती रायफल कोणत्या गोळीसाठी खरी होती, ह्याची साक्ष त्यांतूनच मिळते.