जोशी, स्वल्पविराम, नाव

गावगाड्यात जोशी हे आधी काम होते. पंचांग सांगायचे, मुहूर्त काढायचे, लग्ने लावायची. जुन्या कागदांत जोशीपणाचे वतन सापडते, आणि वतनदार ओळखला जाई तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने आणि गावाने. दारोदार भविष्य सांगत हिंडणारे कुडमुडे जोशीही जोशीच. गुजरातेत, राजस्थानात, कुमाऊंत आणि नेपाळच्या नेवारांतही जोशी आहेत. इतक्या वेगवेगळ्या माणसांना एका पानावर आणण्याची गरज तेव्हा कुणालाच पडली नव्हती.

ती पाडली ग्रंथालयाच्या कार्डाने आणि छापील कोशाने. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. १९७६ साली पहिला खंड निघालेल्या मराठी विश्वकोशात व्यक्ती अशाच शोधायच्या. त्याचे प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड सिद्ध करणारे महादेवशास्त्रीही जोशीच. या पद्धतीत गर्दी होई, पण गोंधळ होत नसे. ‘रागिणी’कार वामन मल्हार जोशी आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव, म्हणजे वामन गोपाळ जोशी, हे साधारण एकाच वयाचे, दोघेही लेखक. एकट्या बापाच्या नावाने दोघे चोख वेगळे राहिले.

२००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि क्रम उलटला. लेखाचे शीर्षक आता लोक बोलतात तसे : भीमसेन जोशी, उमाशंकर जोशी. ‘जोशी, भीमसेन’ हा जुना क्रम लेखाच्या पोटात, क्रमवारीच्या एका ओळीत राहतो. वाचकाला ती ओळ दिसत नाही, पण वर्गाच्या यादीत लेख कुठे बसणार हे तीच ठरवते. नावे सारखी असली, की निःसंदिग्धीकरणाचे पान करायचे आणि कंसात व्यवसाय लिहायचा.

हा कंस मला पुरेसा वाटत नाही. शरद जोशी दोन. एक हिंदीतले व्यंगकार, दुसरे शेतकरी संघटनेचे. पहिल्याच्या कंसात ‘लेखक’ टाकले, तर ‘अंगारमळा’ लिहिणारा दुसरा कोण? दोन्ही वामनरावांपुढे तर हा कंस हातच टेकतो. माणूस आयुष्यात चार कामे करतो; त्यातले कुठले कंसात घालायचे हे संपादकाच्या मर्जीवर जाते.

बापाचे नाव घातले की मराठी आणि गुजराती जोशींचा प्रश्न पुष्कळसा सुटतो : शरद अनंतराव जोशी. हिंदी मुलखात मात्र मधले नाव बहुधा बापाचे नसते. मनोहर श्याम जोशींचे ‘श्याम’ किंवा मुरली मनोहर जोशींचे ‘मनोहर’ हे त्यांचे स्वतःचेच नाव. मराठीच्या सवयीने वाचणारा तिथे हमखास चुकतो, आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री मनोहर गजानन जोशी त्याच यादीत असले की अधिकच. अशा ठिकाणी जन्मसाल द्यावे. व्यंगकार १९३१चे, शेतकरी नेते १९३५चे. इथे कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

आणि आडनावाच्या पानावर कुठल्याही एका जातीची मालकी सांगू नये. त्या आडनावाचा इतिहास वेगळ्या लेखात सविस्तर, सर्व प्रांतांसह यावा. यादीचे पान माणूस शोधण्यापुरतेच ठेवावे.