‘अनलिमिटेड’ प्लॅन असूनही महिनाअखेरीस नेट का रखडतं? घरच्या ब्रॉडबँडची डेटा मर्यादा अशी मोजली जाते

महिन्याच्या सुरुवातीला टीव्हीवर सिनेमा न थांबता चालतो. पंचवीस तारखेनंतर तोच सिनेमा दर दोन मिनिटांनी गोल-गोल फिरायला लागतो. राउटर बंद-चालू करून पाहिला जातो, केबलवाल्याला फोन जातो आणि उत्तर मिळतं, “तुमचा डेटा संपला, एक तारखेला सुरळीत होईल.” पण प्लॅन तर अनलिमिटेड होता ना?

यवतमाळ जिल्ह्यातलं दारव्हा असो, दिग्रस असो की पुणे-मुंबई, घरच्या इंटरनेटला लागू होणारे नियम देशभर सारखेच आहेत. फरक पडतो तो पर्यायांमुळे. मोठ्या शहरात एक कंपनी आवडली नाही तर दुसरी मिळते. तालुक्याच्या गावात अनेक गल्ल्यांमध्ये एकच फायबर पोहोचलेली असते. पीक विम्याचा अर्ज, कॉलेज प्रवेशाची फेरी, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, सगळं ऑनलाइन आणि सगळ्याला शेवटची तारीख असते. म्हणून ही मर्यादा नेमकी कशी लागते आणि ग्राहकाच्या हातात काय आहे, हे समजून घ्यायला हवं.

एफयूपी म्हणजे काय?

एफयूपी म्हणजे फेअर यूसेज पॉलिसी, मराठीत ‘वाजवी वापर धोरण’. त्याचा अर्थ साधा आहे. महिन्याला ठरावीक जीबीपर्यंत पूर्ण वेग मिळेल, त्यानंतर नेट बंद होणार नाही पण वेग कमी होईल. जास्तीचे पैसे लागत नाहीत, म्हणून कंपन्या त्याला ‘अनलिमिटेड’ म्हणतात. म्हणजे अनलिमिटेड आहे तो डेटा. पूर्ण वेगाला मर्यादा आहेच.

पूर्वी गणित वेगळं होतं. बीएसएनएलने २००५ मध्ये डेटावन ब्रॉडबँड आणलं, तेव्हा स्वस्त प्लॅनमध्ये महिन्याला जेमतेम काहीशे एमबी मिळायचे. त्यापुढे प्रत्येक एमबीचे पैसे वेगळे. काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असायचा, त्यामुळे गजर लावून डाउनलोड करणारी एक पिढीच तयार झाली. जिओफायबर सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, तेव्हाही त्याच्या सुरुवातीच्या प्लॅनमध्ये महिन्याला सुमारे १०० जीबीच होते. सप्टेंबर २०२० मध्ये जिओने ३९९ रुपयांपासून ‘अनलिमिटेड’ प्लॅन आणले. एअरटेल आणि बीएसएनएलही त्याच सुमारास त्या वाटेने गेले. तेव्हापासून ३३०० जीबी, म्हणजेच ३.३ टीबी, हा आकडा फायबर प्लॅनमध्ये जवळपास प्रमाण झाला.

३३०० जीबी म्हणजे किती?

महिन्याचे ३० दिवस धरले तर रोज ११० जीबी. एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी खातो. म्हणजे ३३०० जीबीत ११०० तास एचडी पाहता येईल, आणि अख्ख्या महिन्यात तास असतात फक्त ७२०. एक टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवला तरी ही मर्यादा संपत नाही. फोर-के व्हिडिओ मात्र तासाला सुमारे ७ जीबी घेतो. तेव्हा हा आकडा ४७१ तासांवर येतो, म्हणजे दिवसाला जवळपास १६ तास.

दुसऱ्या बाजूने पाहू. ३० एमबीपीएसची लाइन एक क्षणही न थांबता पूर्ण वेगाने चालली, तर तासाला १३.५ जीबी जातात. ३३०० जीबी संपायला दहा दिवस लागतात. १०० एमबीपीएसवर तेवढाच डेटा साधारण तीन दिवसांत संपतो. म्हणजे मोठ्या वेगाचा महाग प्लॅन घेतला आणि मर्यादा तीच राहिली, तर ती गाठायला कमी वेळ लागतो.

तारेशिवाय येणाऱ्या एअरफायबरचं गणित आणखी आवळलेलं आहे. तिथे जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी १००० जीबी म्हणजे १ टीबीची मर्यादा ठेवली. कारण फायबरची तार थेट घरात येते, तर एअरफायबरचे सिग्नल मोबाइलच्याच टॉवरवरून येतात आणि परिसरातल्या सगळ्यांमध्ये वाटले जातात. फायबर पोहोचलेली नाही अशा गावांत एअरफायबर हाच पर्याय असतो. त्यामुळे जिथे पर्याय कमी, तिथेच मर्यादाही लहान, असं चित्र दिसतं.

मोजतं कोण आणि कुठे?

घरातला राउटर मोजत नाही. मोजणी होते कंपनीच्या बाजूला.

घरातलं यंत्र सुरू झालं की ते कंपनीच्या एका मोठ्या गेटवेशी जोडलं जातं. एसटी स्टँडच्या बाहेर पडायच्या फाटकासारखं हे समजा. प्रत्येक गाडी तिथूनच जाणार. गेटवे आधी विचारतो, हा ग्राहक कोण? कुठे युजरनेम-पासवर्डने, कुठे यंत्राच्या क्रमांकावरून ओळख पटते. ही ओळख आणि हिशेब ठेवणाऱ्या सर्व्हरला ‘रेडियस’ म्हणतात. दारव्ह्यासारख्या गावातला छोटा केबल ऑपरेटर असो की देशव्यापी कंपनी, मूळ पद्धत बहुतेक हीच असते.

ओळख पटली की रेडियस सांगतो, “याला ४० एमबीपीएस द्या.” त्यानंतर ठरावीक मिनिटांनी गेटवे हिशेब पाठवत राहतो: आतापर्यंत इतके बाइट आत आले, इतके बाहेर गेले. रेडियस ते महिन्याच्या खात्यात जमा करत जातो. बेरीज मर्यादेला टेकली की गेटवेला नवा आदेश जातो, “आता २ एमबीपीएस.” नेट तुटत नाही, काही कळतही नाही, फक्त नळ बारीक होतो.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्यायच्या.

पहिली, अपलोडही मोजलं जातं. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात, ते बहुतेक प्लॅनमध्ये याच खात्यात पडतात.

दुसरी, राउटर बंद-चालू केल्याने किंवा बदलल्याने काही होत नाही. हिशेब ग्राहकाच्या खात्यावर असतो, यंत्रावर नाही. पुन्हा जोडणी झाली की रेडियस पुन्हा तोच कमी वेग देतो. व्हीपीएनही उपयोगाचं नाही, कारण त्याचा डेटाही त्याच फाटकातून जातो.

तिसरी, कंपनीचा आकडा आणि राउटरमधला आकडा तंतोतंत जुळत नाही. हिशेब काही मिनिटांच्या अंतराने जातो. शिवाय काही ठिकाणी १ जीबी म्हणजे १००० एमबी धरतात, काही ठिकाणी १०२४. टीबीपर्यंत पोहोचेतो हा फरक मोठा होतो. १००० जीबीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने मोजला तर ९३१ दिसतो.

वेग कमी करतात म्हणजे काय करतात?

इंटरनेटवरची प्रत्येक गोष्ट छोट्या-छोट्या पाकिटांतून येते. गेटवे प्रत्येक ग्राहकासाठी सेकंदाला ठरावीक पाकिटंच पुढे सोडतो. जास्तीची रांगेत थांबवतो किंवा टाकून देतो. पाकीट पोहोचलं नाही हे कळलं की पाठवणारा सर्व्हर स्वतःच हात आखडता घेतो. म्हणून पाच माणसं एकाच वेळी वापरत असली की कमी वेग जास्तच जाणवतो.

२ एमबीपीएसवर व्हॉट्सॲप, यूपीआय, अर्ज भरणं ही कामं होतात. फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे तो अडतो. वेग ५१२ केबीपीएसपर्यंत खाली आला तर ५ एमबीची एक पीडीएफ उतरायला सव्वा मिनिटाहून जास्त वेळ लागतो. पोर्टलवर गर्दी असलेल्या शेवटच्या दिवशी हा सव्वा मिनिट महागात पडू शकतो.

मर्यादा लावायचं कारण काय?

कंपन्यांचं म्हणणं असं की लाइन सामायिक असते. घराघरांत जाणाऱ्या फायबरमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात सुमारे २.५ जीबीपीएसची एक वाहिनी ३२, ६४ किंवा त्याहून जास्त घरांत वाटली जाते. सगळे एकाच वेळी पूर्ण वेग मागणार नाहीत, या भरवशावर प्लॅन विकले जातात. एका घराने लाइन घेऊन ती पाच शेजाऱ्यांना किंवा दुकानांना वाटली, तर हा हिशेब कोलमडतो. छोट्या ऑपरेटरला मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घ्यावी लागते, तेव्हा हा भार थेट त्याच्या खिशावर येतो.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. गर्दी होते ती रात्री ८ ते ११ या वेळेत. महिन्याची मर्यादा मात्र पहाटे ३ वाजता केलेलं डाउनलोडही तेवढंच मोजते, जेव्हा लाइन रिकामी पडलेली असते. त्यामुळे मर्यादा हे गर्दी आवरण्याइतकंच महाग प्लॅन विकण्याचंही साधन आहे, अशी टीका जगभर होते. अमेरिकेत कॉमकास्टने २००८ मध्ये घरगुती ग्राहकांवर २५० जीबीची मर्यादा आणली. पुढे ती १ टीबी आणि नंतर १.२ टीबी केली, आणि त्यावर गेलं की ५० जीबीला १० डॉलर घेतले. त्या मानाने भारतात वेग कमी होतो पण बिल वाढत नाही, एवढा दिलासा आहे.

नियम काय सांगतात?

दूरसंचार नियामक ट्रायने २०१६ च्या ऑक्टोबरअखेर कंपन्यांना निर्देश दिले. किती डेटापर्यंत कोणता वेग आणि त्यानंतर कोणता, हे वेबसाइटवर आणि जाहिरातीत स्पष्ट सांगायचं. मर्यादा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के संपली की ग्राहकाला कळवायचं. आणि मर्यादेनंतरही घरच्या ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही.

त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्याच बदलली. आधी किमान ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, आता किमान २ एमबीपीएस लागतात.

शिवाय फेब्रुवारी २०१६ च्या नियमानुसार कुठल्या वेबसाइटसाठी डेटा वापरला यावरून वेगळा दर लावता येत नाही. अमुक ॲपचा डेटा फुकट आणि तमुकचा मोजायचा, असं कंपनी करू शकत नाही.

मर्यादाच संपली की लाइनच खराब?

हे ओळखायची सोपी पद्धत आहे. लॅपटॉप तारेने राउटरला जोडा आणि सकाळी, दुपारी, रात्री स्पीड टेस्ट करा. तिन्ही वेळा २ किंवा ४ असा एकच ठरीव आकडा आला, तर मर्यादा लागली आहे. फक्त रात्री वेग पडत असेल तर गर्दी आहे. तारेवर वेग बरोबर आणि मोबाइलवर कमी असेल तर दोष घरच्या वायफायचा.

मर्यादा फारच लवकर संपत असेल तर आधी सीसीटीव्ही पाहा. समजा, एक कॅमेरा २ एमबीपीएसने सतत क्लाउडवर चित्रण पाठवतोय. तासाला ०.९ जीबी, महिन्याला जवळपास ६५० जीबी. असे दोन कॅमेरे असले तर एअरफायबरचा १ टीबी टीव्ही न लावताही संपेल. चित्रण घरातल्याच डीव्हीआरवर साठवलं किंवा हालचाल झाली तरच अपलोड होईल अशी सेटिंग केली, तर हा खर्च वाचतो. वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी किती जणांकडे आहे, हेही तपासा.

तक्रार कुठे करायची?

सूचना न देता वेग कमी केला, किंवा प्लॅनमध्ये सांगितल्यापेक्षा लवकर कमी केला, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करा आणि डॉकेट क्रमांक घ्या. तोंडी “बघतो” यावर थांबू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे लक्षात ठेवा.

त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. दारव्ह्याच्या ग्राहकासाठी ते ठिकाण म्हणजे यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग.

पुरावा म्हणून प्लॅनचा स्क्रीनशॉट, बिल, ॲपमधला वापराचा आकडा आणि तारीख-वेळ दिसणाऱ्या स्पीड टेस्ट जपून ठेवा. आणि नवीन जोडणी घेताना ‘अनलिमिटेड आहे का?’ हे विचारूच नका. तीन प्रश्न विचारा: पूर्ण वेग किती जीबीपर्यंत, त्यानंतर किती, आणि मोजणी पुन्हा शून्यावर कोणत्या तारखेला येते? उत्तर लेखी किंवा व्हॉट्सॲपवर घ्या.